खळ्यावर गळ : नाशिकहून नर्मदेच्या काठाला

नाशिकमध्ये गळ घेऊन बसणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, दारणा, मुकणे, आणि सुट्टी जोडून आली तर गिरणा धरण. नांदूरमध्यमेश्वरकडे बघायचंही नाही. ते अभयारण्य होतंच, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, आणि तिथले मासे पक्ष्यांनीच खावेत हे मला मान्य आहे. शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीत बसायचं तर पाणवेलीतून गळ सोडवण्यातच संध्याकाळ जाते. वर्षानुवर्षं त्याच चिलाप्या धरून आमचा कंटाळा पिकला होता.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचा एक आवडता मुद्दा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा आली ती नुसती हद्द म्हणून. १३१२ किलोमीटरच्या त्या नदीचा असा एकही तुकडा नाही जिथे दोन्ही काठ आपले. नंदुरबार जिल्ह्याच्या वरच्या अंगाने ती जाते. अलीकडे आपण, पलीकडे आधी मध्य प्रदेश आणि मग गुजरात. "अर्ध्या नदीत का होईना, एकदा गळ टाकू," असं ते चहाच्या टपरीवर इतक्यांदा म्हणाले होते की टपरीवाल्यालाही ते पाठ झालं होतं. यंदा धडगावच्या गुरुजींचा फोन आला. गुरुजी मूळचे कळवणचे, आमच्या जुन्या ओळखीतले, तिकडे आश्रमशाळेत असतात. "होळीच्या आधी या, पाणी निवळलेलं असतं. सोसायटीच्या चेअरमनशी मी बोलून ठेवतो," म्हणाले.

सोसायटी म्हणजे तिथली मच्छीमार सहकारी सोसायटी. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आली, त्यातले काठावर राहिलेले लोक आता मासेमारी करतात. आपण हौशी लोक तिथे जाऊन परस्पर गळ टाकावा हे अण्णांना पटण्यासारखं नव्हतं, मलाही नव्हतं.

गुरुवार

पहाटे पंचवटीतून निघालो. अण्णा पुढे, मी स्टिअरिंगवर, मागे माझा भाचा आणि त्याच्या मांडीवर त्याचा कार्बनचा नवा रॉड. तो त्याने डिकीत ठेवू दिला नाही. माझं सामान साधं : जाड तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, मध्यम गळ आणि घरी ओतलेलं शिसं. अंबडच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवण्याच्या विभागात, आयुष्य गेल्यामुळे शिशाचे साचे मीच करतो. अण्णांच्या डब्यात भाजलेली शेंगदाण्याची पेंड, मक्याचं पीठ, बडीशेप आणि हिंग. हिंगाची मात्रा ते कोणाला सांगत नाहीत. गांडुळं गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून आणली होती, ओल्या मातीसकट, भोकं पाडलेल्या डब्यात.

मासे धरणाऱ्या माणसाला रस्ता पुलांवरून कळतो. ओझरला बाणगंगा, मग कादवा. पिंपळगावला द्राक्षाच्या गाड्यांची रांग लागलेली. सोग्रस फाट्याला महामार्ग सोडला, भावडबारी ओलांडली आणि अण्णा म्हणाले, "आता खोरं बदललं." खरंच आहे. सातमाळ्याच्या अलीकडचं पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातं, पलीकडचं तापीतून अरबी समुद्राला. लोहोणेर–ठेंगोड्याला गिरणा, ताहाराबादला मोसम, पिंपळनेरला पांझरा, सगळ्या तापीच्या लेकी-नाती. प्रत्येक पुलावर भाचा काच खाली करून वाकून बघायचा आणि प्रत्येक पुलाखाली वाळू आणि डबकीच दिसायची.

साक्री ते नंदुरबार रस्त्याला छडवेलच्या आसपास माळभर पवनचक्क्या आहेत. नंदुरबारच्या जवळ मात्र डोळ्यांआधी नाकाला खबर लागते. शेतांत मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या, एकरच्या एकर लाल. बायका तोंडाला फडकी बांधून मिरची खालीवर करत होत्या. आम्ही गाडीतून उतरलो नाही तरी शिंका थांबेनात. अण्णांनी वहिनींसाठी दोन किलो मिरची घेतली आणि ती उरलेला सगळा प्रवास आमच्या मागे शिंकत राहिली.

हातोड्याच्या पुलावर तापी भेटली, रुंद आणि शांत. पुढे तळोदा, आणि मग चांदसैलीचा घाट. हा घाट अरुंद आहे, वळणं आखूड आहेत, पावसाळ्यात दरडी येतात. आमच्या वेळेला कोरडा ठाक होता, पण समोरून जीप आली की कोणी तरी मागे जायचंच. दोन्ही बाजूंना पळस फुललेला. वर आल्यावर अस्तंबा दिसतो. अश्वत्थामा अजून तिथे राहतो आणि कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी इकडची श्रद्धा. दिवाळीत तिथे यात्रा भरते.

धडगावला गुरुजींच्या खोलीवर पोहोचेतो अंधार पडला. शेजारच्या ओट्यावर परिक्रमावासी उतरले होते, त्यातले एक बाबा सिन्नरकडचे निघाले. नाशिकची गाडी बघून त्यांना आनंद झाला. मग त्यांची नजर रॉडवर गेली.

"काय धरायला निघालात?"

अण्णा म्हणाले, "बाबा, जे मिळेल ते."

"मैयाच्या पोटातलं घेताय, तर मैयाला विचारून घ्या," एवढं बोलून त्यांनी आम्हाला त्यांच्यातला गूळ दिला. "नर्मदे हर" म्हणून झोपायला गेले. भाच्याने नंतर मला हळूच विचारलं, मामा, विचारायचं म्हणजे कसं? मी त्याला झोप म्हटलं.

शुक्रवार

धडगावहून भुषापर्यंत रस्ता जातो आणि पाण्याशी संपतो. शेवटच्या वळणावर गुरुजींनी गाडी थांबवायला लावली. खाली हिरवं पाणी, डोंगरांच्या मधल्या सगळ्या घळी त्याने भरलेल्या. पलीकडचे डोंगर मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर जिल्ह्याचे. भाच्याचा मोबाईल एकदा आपलं नेटवर्क दाखवायचा, एकदा तिकडचं.

त्याने नदी म्हणून जे डोळ्यांसमोर आणलं होतं ते हे नव्हतं. त्याला खळखळाट, दगड, पांढरं पाणी आणि त्यात उडी मारणारा महसीर मासा हवा होता. इथे पाणी हलत नव्हतं. अण्णा त्याला समजावू लागले. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. २०१७ मध्ये दारं बंद केली आणि २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा ते काठोकाठ भरलं. धरण इथून खाली गुजरातेत, पण त्याचं पाणी इथवर आणि याच्याही वर मध्य प्रदेशात पार लांब तुंबलेलं आहे. झाडोरा जिथे सुरू होतो ती रेघ म्हणजे १३८.६८. त्याखाली उघडा पडलेला मातकट पट्टा, आणि त्याखाली पाणी.

दादा बोट घेऊन आले. पावरा समाजातले, पन्नाशीच्या आतबाहेर, गुरुजींच्या शाळेत त्यांची मुलं शिकलेली. बोट पत्र्याची, मागे छोटं इंजिन. त्यांचा पाडा काठाकाठाने अर्ध्या-पाऊण तासावर. वाटेत आरोग्य खात्याचा पाण्यावरून फिरणारा दवाखाना दिसला, त्यात एक बाई लेकरू घेऊन बसलेली. दादांनी हात केला, डॉक्टरांनीही केला.

पाड्याच्या खाली उतरलो तेव्हा दादांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, अंधार पडल्यावर पाण्यात पाय घालून उभं राहायचं नाही. मगरी आहेत. दिवसा समोरच्या वाळूवर दिसतात, रात्री दिसत नाहीत एवढाच फरक. दुसरी, सोसायटीचं म्हणणं असं की गळ टाका, जाळं नको, आणि खाण्यापुरतं ठेवून बाकीचं आमच्या क्रेटमध्ये घाला. अण्णांनी लगेच मान डोलावली. अशी रोखठोक अट मला आवडते. परवान्याच्या खिडकीवर एवढं स्पष्ट कधी कोणी सांगत नाही.

दुपार आमची फुकट गेली, म्हणजे माशांच्या हिशोबाने. हे तळं नाही आणि नदीही नाही, हा बुडालेला डोंगराचा उतार आहे. गंगापूरला आम्ही रॉड वाकवून लांब फेकतो आणि शिसं सपाट तळाशी बसतं. इथे वीस-पंचवीस मीटर फेकलं तर दोरी सुटतच जाते, तळ लागतच नाही. आणि लागला तर खोडांत. साग, मोह, अंजन, सगळी उभीच्या उभी बुडालेली झाडं. गळ अडकला की तुटलाच. माझं शिसं तर पाण्यात मोजून टाकल्यासारखं संपत होतं. भाच्याने चमचा, म्हणजे चमकणारं धातूचं नकली आमिष, फेकून फेकून हात दुखवून घेतले, त्याच्या चमच्यामागे एक शेवाळाची जटा तेवढी आली.

आमच्यापासून थोड्या अंतरावर पाड्यातली तीन पोरं बसली होती. रॉड नाही, रील नाही. प्लास्टिकची रिकामी बाटली, तिच्यावर तंगूस गुंडाळलेलं, टोकाला लहान गळ आणि शिशाऐवजी नटबोल्ट. बाटलीचं तोंड पाण्याकडे धरायचं, दुसऱ्या हाताने नटबोल्ट गोल फिरवून सोडायचा, की दोरी बाटलीवरून सळसळत सुटते. फिक्स्ड-स्पूल रील काम करतं ते याच तत्त्वावर. माझ्यातल्या टूलरूमवाल्याला ती बाटली पाहून हसू आलं आणि आदरही वाटला. ती पोरं काठापासून फार तर चार-पाच मीटरवर टाकत होती, आणि मिनिटा-दोन मिनिटाला एक चिलापी वर. उतार एवढा खडा की मासा काठालाच असतो, लांब टाकून अधांतरी पाण्यात टाकण्यात काय हशील? भाचा त्यांच्याशेजारी जाऊन बसला. भाषा अर्धी कळत होती, अर्धी नाही, पण अंधार पडेतो त्याच्या पिशवीतही चिलाप्या होत्या, आणि त्याचा कार्बनचा रॉड एका पोराच्या हातात.

रात्रीचं काम दादांनी दाखवलं. उंच खडकावर बसायचं, जिवंत बोटभर मासा पाठीतून गळाला लावायचा आणि काठाच्या जवळच, खडकाच्या पोटाशी सोडायचा. हा शिवड्याचा डाव. शिवडा दिवसा खडकाच्या सांदीत पडून राहतो आणि रात्री हिंडतो. त्याला खवले नाहीत, तोंड डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेलं आणि दातांच्या बारीक रांगा. तो आमिष कुरतडत नाही, एकदम गिळून चालू लागतो. माझी दोरी अशीच चालू लागली. आधी मला वाटलं झाडाला लागलं. मग झाड हलायला लागलं. दादांनी कल्ल्याखाली हात न घालता फडक्याने धरून वर घेतला. चार किलोच्या पुढचा असावा. आधी त्याच्या तोंडात काठी दिली आणि मगच गळ काढला. "याला बोट दिलं की बोट गेलं," ते म्हणाले.

जेवायला तोच होता. दादांच्या घरच्या वहिनींनी नंदुरबारची लाल मिरची, लसूण आणि इकडचं आमचूर घालून केलेला रस्सा आणि चुलीवरची मक्याची भाकरी. उन्हाळ्यात धडगाव भागात घरोघरी कैऱ्या वाळवून आमचूर करतात. नाशिकला आपण ज्याला आमचूर म्हणून पुडी आणतो त्याच्याशी याचं काही नातं नाही. रस्सा खाऊन अण्णा बराच वेळ बोलले नाहीत.

शनिवार

आज जे झालं ते नीट सांगायला पाहिजे.

सकाळी दादांच्या आई आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांना मासेमारीत काही रस नाही, मासा त्या खातातही क्वचित. त्यांना आमची गंमत वाटत होती. म्हणजे मोठी माणसं गाडी करून एवढ्या लांबून येतात आणि पाण्यात दोरी सोडून बसतात, याची. माझा गळ पुन्हा अडकला तेव्हा त्या काही तरी म्हणाल्या. दादांनी सांगितलं, "आई म्हणते, तिथं आमचा मोह आहे. तिथं टाकू नका."

मी विचारलं, कुठवर आहे मोह? आजींनी बोट केलं. एक इथे, मोठा. त्याच्या खाली दोन सागाची. त्याच्या डाव्या हाताला वाट होती, बैल जायची. त्या वाटेने खाली गेलं की शेत, आणि शेताच्या वरच्या बाजूला खळं. मध्ये सारवलेलं, सपाट, एका कडेला मोठा दगड. तो दगड आम्ही कितीदा बसायचो. समोर एमपीच्या डोंगरात ती खाच दिसते ना, तिच्या आणि या काठावरच्या काळ्या खडकाच्या रेषेत.

अण्णांनी वही काढली. झाडोऱ्याच्या रेघेपासून पाण्यापर्यंतचा उतार डोळ्याने मापून त्यांनी आजच्या पाण्याचा अंदाज बांधला. मग आजींना विचारत गेले, पाणी पहिल्यांदा कधी आलं, आणि कुठवर. त्यांच्या डोक्यात धरणाची उंची कशी चढत गेली ते पाठ आहे : १९९९ ला ८८ मीटर, २००० मध्ये ९०, मग ९५, १००, २००४ ला ११०, २००६ ला १२१.९२. आजींच्या डोक्यात सालं नव्हती, पण कुठल्या पावसाळ्यात खालची नाचणी गेली, कुठल्या पावसाळ्यात धाकटी लेक पोटात असताना घर वर हलवलं, ते होतं. दोन्ही याद्या जुळत होत्या. खळं १२१.९२ च्या थोडं वर असणार. म्हणून पुरात पाणी यायचं आणि उतरायचं, आणि दारं बंद झाल्यावर खळं पाण्याखालीच राहिलं. अजून एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर दगड दिसतो, आजी म्हणाल्या. आजच्या पाण्याखाली सहा-सात मीटर.

मासे धरणाऱ्याला याचा अर्थ काय ते सांगतो. खड्या उतारावरची एकमेव सपाट जागा. उतारावरून वाहून आलेली माती आणि पालापाचोळा तिथेच साठतो, आणि तळाशी चरणारा मासा तिथेच येतो. हे आम्ही तळ दाखवणारं सोनार यंत्र घेऊन शोधलं असतं तरी दोन दिवस लागले असते.

काळा खडक आणि समोरची खाच एका रेषेत धरून अण्णांनी पेंडीचा गोळा टाकला. दोरी सुटली, सुटली आणि थांबली. ढिली पडली. तळ लागला, आणि सपाट. आधी त्यांनी मूठ-मूठ पेंड तिथेच फेकली, मासा गोळा व्हायला. मग आम्ही वाट बघत बसलो. आजी बसल्याच होत्या.

पहिला मृगळ अण्णांना लागला. मग एक मला, मग रोहू, पुन्हा मृगळ. या तिघांचं, म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ यांचं पाणी वाटून घेतलेलं असतं. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंड वर वळलेलं, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणूनच तलावात तिन्ही एकत्र सोडतात, आणि इथेही मत्स्य खात्याने बीज सोडलेलं आहे. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने गळ तळावर न ठेवता तरंगाखाली, म्हणजे फ्लोटखाली, दोन हातांवर लटकवला. तासाभरात त्याला कटला लागला, आणि तो वर येईपर्यंत त्याने इतका आरडाओरडा केला की पोरं धावत आली. मासा वर घेताना आजी पहिल्यांदा उठून उभ्या राहिल्या.

"आमच्या खळ्यावर," त्या म्हणाल्या. हे मात्र आम्हाला न सांगता कळलं.

अण्णांनी वही मिटली आणि बराच वेळ उघडली नाही. नोकरीत त्यांनी धरणांचे आकडे लिहिले, या धरणाचे नाही, पण आकडे तेच. मी त्यांना काही विचारलं नाही.

दुपारी वारा सुटला आणि भाच्याचा तरंग मधल्या पाण्याकडे सरकू लागला. "मामा, माझा फ्लोट एमपीत चाललाय," तो म्हणाला. दादा हसले, मग हद्दीची गोष्ट निघाली. पलीकडच्या राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, अंडी घालायचा काळ म्हणून. नियम चांगला आहे. जाळं कुठल्या काठाच्या खुंट्याला बांधलंय त्यावरून ते कोणाचं ते ठरतं; वाऱ्याने सरकलं तर सकाळी दोन्हीकडचे लोक मिळून सोडवतात, आणि कधी भांडतातही. नात्यातली माणसं दोन्हीकडे आहेत, मुलगी तिकडे दिलेली असते, त्यामुळे भांडण लांबवून चालत नाही.

अण्णांना राहवलं नाही. १९७९ चा नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा त्यांनी दादांना सांगितला : धरणाच्या विजेत मध्य प्रदेशला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि झोपडीवरच्या सोलरच्या पाटीकडे बोट केलं. "आमची ही," म्हणाले.

नदी वाहती होती तेव्हा कोणता मासा होता, असं भाच्याने विचारलं. त्याच्या मनातून महसीर जात नव्हता. दादा म्हणाले, होता की. दगडांतून, वाहत्या पाण्यात, सोनेरी. आता इथे नाही. साचलेल्या पाण्यात त्याचं फार जमत नाही, अंडी घालायला त्याला खडी आणि धारेचं पाणी लागतं. वर नाल्यांत गेला असेल. "उदई नदीला बघा," ते म्हणाले.

संध्याकाळी खाण्यापुरते दोन मृगळ ठेवले. बाकीचे सोसायटीच्या क्रेटमध्ये गेले. बर्फ मारून दादांच्या भावाने बोटीत चढवले. वजनकाट्यावर आमचा वाटा वेगळा लिहिला नाही, लिहायचं कारणही नव्हतं.

रविवार

सकाळी भुषाला उतरलो आणि परत धडगावला आलो. घरी निघण्याआधी गुरुजींनी बिलगावला नेलं. उदई नदी तिथे कडा उतरते, बाराधाऱ्या म्हणतात त्या धबधब्याला. उन्हाळा तोंडावर आल्यामुळे धारा कमी, पण पाणी होतं आणि वाहतं होतं. याच धारेवर २००३ मध्ये गावाने केरळहून आलेल्या इंजिनिअरांच्या मदतीने १५ किलोवॅटचं छोटं वीजघर उभारलं होतं. श्रमदानाने पाट खणला, घराघरात दिवा लागला. २००६ मध्ये ते बुडितात गेलं. गुरुजी हे सांगत असताना भाचा दगडांतून पुढे गेला होता.

धबधब्याच्या वरच्या अंगाला, दोन शिळांमधल्या धारेत त्याने सगळ्यात लहान स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं नकली आमिष, टाकला. तिसऱ्या-चौथ्या फेकीला रॉडचं टोक खाली गेलं. वीतभर मासा, पण ओढ दुप्पट आकाराच्या रोहूएवढी. खवले मोठे, कडेने सोनेरी झाक, ओठ जाड, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. महसीरचं पिल्लू. मध्य प्रदेशने हाच आपला राज्यमासा केलाय, २०११ पासून. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून याची पिल्लं तयार करून सोडतात, पण जंगली धारेत लागलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. भाच्याने हात ओले केले, गळ पाण्यातच सोडवला आणि त्याला धारेकडे तोंड करून धरून ठेवलं. फोटो काढू का म्हटलं तर नको म्हणाला. पिल्लू सावरलं आणि गेलं.

परतताना एका गावात भोंगऱ्या बाजार भरला होता. होळीच्या आधीच्या आठवड्यात या भागात गावोगावी हे बाजार भरतात. होळीचं सामान, ढोल, पावरी, नटूनथटून आलेली पोरं-पोरी. गाडी पुढे सरकेना आणि आम्हाला घाईही नव्हती. अण्णांनी तिथे आमचूर घेतलं. मिरचीची शिंक अजून गाडीत होती, तिच्यात त्याचा आंबट वास मिसळला.

चांदसैली उतरताना अण्णा आणि भाचा वाद घालत होते. भाच्याचं म्हणणं, पावसाळा संपल्या संपल्या उदईला यायचं, फक्त स्पिनर घेऊन. अण्णांचं म्हणणं, भर उन्हाळ्यात यायचं, खळ्यावरचा दगड उघडा पडला तर बघायला. "तेव्हा मासा कसा मिळेल, पाणीच नसेल तिथे," भाचा म्हणाला. "मासा मी कुठे म्हटलं?" अण्णा म्हणाले. नंदुरबार येईपर्यंत निकाल लागला नव्हता.

निघताना दादांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. इकडच्या बाजारात गळ मिळतात ते लवकर गंजतात आणि वाकतात. शिवड्याला लागतो तसा जाड, लांब दांड्याचा गळ आणि चांगलं तंगूस नाशिकला मिळतं का? मिळतं. सोमवारी कामावरून सुटल्यावर घेतलं, गळांची दोन पाकिटं आणि तंगूसाची मोठी रिळं, शिवाय त्या तीन पोरांसाठी लहान गळ. टूलरूममध्ये रिकामा साचा होता, त्यात शिसंही ओतलं, नटबोल्टऐवजी. गुरुजी होळीला कळवणला येणार होते, त्यांच्याकडे पुडकं दिलं.